काट्यावर चढवलेली पुनम

गोंडपिपरीजवळच्या एका गावात धनराजच्या अंगणात वजनकाट्यावर धान मोजणे चालू होते. त्याची बायको पुनम हमालांना पाणी द्यायला आली. दोन वर्षांपूर्वी तिच्या कानात आवाज यायला लागले होते. डॉक्टरांच्या गोळ्यांनी आवाज थांबले, पण अंग सुटले.

"हिलेबी चढवा रे काट्यावर," धनराज म्हणाला. "खाऊन खाऊन किती झाली पाहू."

पुनम तांब्या खाली ठेवून चढली. चौऱ्याऐंशी किलो भरले.

"चाळीस-चाळीस किलोचे दोन पोते अन् वर चार किलो," एक हमाल बोलला. सगळे हसले. धनराज सर्वांत जास्त हसला.

महिनाभरात पुनमचे गाल बसले. धनराज खूश. शेजारच्या गुणवंतरावांना तो ऐटीत म्हणाला, "पाहा भाऊ, एकाच दिवसात लाज वाटली तिले. बारीक होऊन राह्यली."

"झोपते का?"

"नाई. रातभर घरात फिरते. तेवढाच व्यायाम."

गुणवंतरावांनी हातातला कासरा खाली टाकला. "अक्कल हाये का तुले? माझी बायको शकू बी अशीच बारीक झाली होती. मीच तिले म्हैस म्हणत होतो. तिनं चोरून डोक्याच्या गोळ्या सोडल्या, अन् मी गावभर सांगत फिरलो का बायको सुधरली म्हणून. विहिरीतून काढली तिले. जाय घरी, गोळ्या पाह्य."

धनराज पळत घरी गेला. गोळ्यांची पाकिटे तांदळाच्या डब्यामागे सापडली. महिनाभरातली एकही गोळी काढलेली नव्हती. पुनम भिंतीकडे तोंड करून कोणाशी तरी भांडत होती.

"गोळ्या काऊन नाई घेतल्या?"

"तुमाले बारीक बायको पायजे होती ना? घ्या."

धनराजने पाकिटे खिशात घातली. त्याच दिवशी त्याने तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी गोळी बदलली, रोज चालायला सांगितले आणि धनराजला चांगलेच झापले. आता दोघे सकाळी नाल्यापर्यंत चालतात. पुनम पुढे असते. ती त्याच्याशी अजून बोलत नाही, आणि तोही बोल म्हणून तिच्या मागे लागत नाही.

वाचकहो, मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांनी वजन वाढते. वाढले तर डॉक्टरांना विचारा, गोळी आपल्या मनाने बंद होऊ देऊ नका, आणि सोबत चाला. ज्याला जाड बायकोची लाज वाटते, त्याने एकदा रिकाम्या घरात एकट्याने जेवून पाहावे.