अविरोध गावातला एक हात

ज्याच्या घरात त्याच्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नाही, त्याने कुणाचं शब्दचित्र लिहायला बसणं हा आगाऊपणाच आहे. वाचकांनी क्षमा करावी. पण कार्तिकातलं तिरपं ऊन माझ्या खोलीच्या भिंतीवर आलं, की मला एक हात दिसतो. बोंडांच्या कडांनी ओरखडलेला, मनगटाला कापसाचे तंतू चिकटलेला, वर गेलेला.

तो सुभद्राकाकूंचा. हिंगणीला आमच्या मागच्याच घरात त्या एकट्या राहत. बोलणं कमी, चाल वेगाची. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळीतून त्या निघाल्या, की झाडंच बाजूला होऊन वाट देताहेत असं वाटे.

आमच्या गावाला एका शब्दाचा फार अभिमान होता: अविरोध. ग्रामपंचायतीची नावं पाटलांच्या ओसरीवर ठरत आणि मारुतीच्या पारावर वाचली जात. मग रिवाज म्हणून कुणी विचारी, 'कोनाचा विरोध?' त्यानंतरच्या शांततेला गाव एकी म्हणे. पंचायतीची मतपेटी कित्येक वर्षांत गावात आली नव्हती. त्या वर्षी यादीत माझ्या बाबांचं नाव होतं. आईने त्यांच्यासाठी नवं धोतर काढून ठेवलं होतं.

त्या शांततेत काकूंचा हात वर गेला. 'माहा हाय.' बाईले प्रश्नच समजला नाई, असं म्हणून माणसं हसली. हसणं विरलं, तरी हात उन्हात तसाच होता.

काकूंनी बाबांच्याच वॉर्डातून अर्ज भरला. मग त्यांच्या वेचणीला बाया येईनाशा झाल्या. शेवटी, अर्ज मागे घ्या असं सांगायला बाबांनी मला पाठवलं. कॉलेजातल्या पोराचं ऐकतील म्हणून. एकी, सलोखा असे नुकतेच शिकलेले शब्द घेऊन मी शेतात गेलो. पांढऱ्या शुभ्र वावरात त्या एकट्याच वेचत होत्या.

'तुह्या बापाले पाडासाठी नाई रे, बाबू. पेटी आली पाह्यजे. माह्या मनात कोन हाय, थे माह्याच मनात राहू दे ना.'

'तुमी पडसान, काकू.'

'पडन. पन मोजून पडन.'

माझे सगळे शब्द तिथेच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, टाकून मी घरी आलो.

पेटी आली. काकू मोजून पडल्या: सात मतं. ते सात कोण, हे गाव पुढे कित्येक वर्षं एकमेकांच्या चेहऱ्यांवर शोधत राहिलं.

परवा बाबांचं कार्ड मिळालं; जुन्या खोलीच्या पत्त्यावर महिनाभर पडून होतं. मोडक्या अक्षरात लिहिलं होतं: 'सुभद्राबाई गेल्या. यंदा पारावर विरोध इचारला, तं तुही आई हात वर करून उभी राह्यली. सगळ्यायसमोर म्हने, त्या सातात मी होती. आता पेटी येनार हाय.'

काकूंना काळाने नेलं; पण भिंतीवर ऊन येतं तेव्हा तो हात काकूंचा की आईचा, हे आता मला ओळखता येत नाही.