मागचा दिसेपर्यंत

ताफ्यात सगळ्यात शेवटी चालणाऱ्या गाडीला शेपूट म्हणतात. म्होरक्या रस्ता शोधतो, चुकतो, शिव्या खातो आणि संध्याकाळी फोटोत मधोमध उभा राहतो. शेपटाचं तसं नाही. त्यानं पुढच्या सगळ्यांची धूळ खायची, कोणाचं चाक रुतलं तर दोर काढायचा, कोणाचा डबा मागे राहिला तर उचलून आणायचा आणि फोटोच्या वेळी दोर गुंडाळत बसायचं. या ताफ्याच्या शेपटानं हे काम इतकी वर्षं केलं होतं की त्याचं खरं नाव मंडळी विसरून गेली होती. थोरले त्याला शेपूट म्हणायचे, धाकटे शेपूटकाका. त्याला राग येत नसे. आपल्याला कोणीतरी काहीतरी म्हणतं हेच पुष्कळ, असं त्याचं मत होतं.

ताफा कासवांचा. कासव हे नाव काही कंपनीनं दिलेलं नव्हे. कंपनी मुळात पाण्याचे पंप बनवायची. डोंगरातल्या खाणींवर पंप पोचवायला गाडी मिळेना, म्हणून मालकानं पंपाच्याच कारखान्यात एक गाडी ठोकून तयार केली, पंपांचा उरलेला हिरवा रंग तिला फासला आणि कागदोपत्री नाव ठेवलं चौदा नंबर. ती कुठल्याही चढणीवर चढायची, पण इतकी सावकाश, की बरोबर निघालेला खेचरवाला वर पोचून, जेवून, पडी टाकून मोकळा झालेला असायचा. लोक तिला कासव म्हणून हसू लागले. मालक आधी चिडला, दोघाचौघांशी भांडला, आणि शेवटी त्यानं शहाण्या माणसासारखं बोनेटवर एक पितळी कासवच बसवून टाकलं. त्यानंतर गाड्या खपू लागल्या.

गाडीचे दोष सांगायला बसलं तर दिवस पुरायचा नाही, आणि चार कासववाले जमले की ते सांगायलाच बसतात. हीटर फक्त उन्हाळ्यात चालतो. खड्ड्यात आदळली की डावं दार आपणहून उघडतं. पाऊस लागला की छताच्या सांध्यातून पाणी गळतं ते नेमकं शेजारी बसलेल्याच्या डाव्या गुडघ्यावर, आणि प्रत्येक गाडीत तिथेच; कारखान्यात मोजून भोक पाडल्यासारखं. मागच्या दारावर सुटं चाक लटकत असल्यानं काचेतून मागचं काही दिसत नाही. दोन बाजूंना दोन आरसे आहेत, पण तेही नटानं आवळलेले. जरा हलवायचे तर पाना शोधावा लागतो. याबद्दल तक्रारी गेल्या तेव्हा कंपनीनं म्हणे उलट कळवलं होतं, की मागून येणारा तुम्हाला गाठणारच आहे, त्यात बघायचं काय. पुढे मऊ गाद्यांच्या गाड्या आल्या आणि कंपनी बुडाली. उरलेली कासवं एकमेकांचे अवयव लावून जगली, आणि त्यांचे हौशी मालक ताफा करून डोंगरात सहलीला जात राहिले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते त्यांच्या मालकांकडे बघून म्हटलं असावं.

एका बाबतीत मात्र कंपनीनं कधी थट्टा केली नाही. अगदी पहिल्या चाचणीला काही गाड्या खिंडीतून निघाल्या होत्या. मुक्कामाला पोचून सगळे जेवायला बसले आणि एक ताट उरलं, तेव्हा कळलं की एक गाडी आलेलीच नाही. तिचा ॲक्सल मोडला होता. तिचा ड्रायव्हर बॅटरी संपेपर्यंत थंडीत हॉर्न वाजवत बसला होता. तो जिवंत सापडला, पण पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. तेव्हापासून कंपनीच्या प्रत्येक गाडीत ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर एक पत्र्याची पट्टी ठोकलेली असते: मागचा दिसेपर्यंत वळण सोडू नये. शेपटाला हा नियम लागू होत नाही. त्याच्या मागे कोणी नसतंच.

तरी तो विचारायचा. प्रत्येक वळणावर, गमतीनं, "कोण आहे मागे?" आणि शेजारी गुडघ्यावर टॉवेल टाकून बसलेली बायको डाव्या आरशात निरखून बघायची आणि सांगायची, "कोणी नाही. आपणच." डावा आरसा तिचा होता. लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीत तिनं पाना मागून घेतला आणि तो आरसा आपल्या डोळ्यांना जुळवून घेतला. मला नुसतं सामान होऊन बसायचं नाही, म्हणाली. त्याच्या जागेवरून त्या आरशात रस्ता दिसायचा नाही, नुसती कडेची झुडपं दिसायची. त्यावाचून त्याचं कधी अडलं नाही. डावीकडचं सगळं ती बघायची.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. जेवण झाल्यावर जरा पडते म्हणाली आणि उठलीच नाही.

त्यानंतर घर नको इतकं मोठं झालं. दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटरच टाक म्हणून त्यानं सांगितलं. कपाटातले तिचे कपडे त्यानं मुलीला नेऊ दिले. चष्मा तेवढा ठेवून घेतला आणि मग तो कुठे ठेवावा ते त्याला कळेना. दिवस दिवस तोंडातून शब्द जायचा नाही, म्हणून तो टाकी अर्धी असली तरी पेट्रोल भरायला जायचा. पंपावरचा माणूस विचारायचा, किती? मग तो सांगायचा. तेवढंच बोलणं व्हायचं, पण व्हायचं.

मुलगी दर रविवारी फोन करायची. बाबा, इकडे या, एक खोली रिकामीच आहे. खोली होती, गाडीला जागा नव्हती. गाडी विकून टाका, ती म्हणायची, आता कशाला हवीये एकट्या माणसाला. गिऱ्हाईकही दारात उभं होतं. हमरस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला कासव शोभेसाठी हवं होतं. इंजिन काढून तिथे माती भरायची आणि फुलझाडं लावायची असा त्याचा बेत होता. असला बेत ऐकून एरवी त्यानं हॉटेलवाल्याला जिन्यावरून खाली पोचवलं असतं. या वेळी त्यानं विचार करून सांगतो म्हटलं, आणि खरोखरच विचार करत राहिला.

तेवढ्यात ताफ्याची सहल ठरली. बायको गेल्यानंतरची पहिलीच. सकाळी जमल्यावर जो तो येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेला, थोडा वेळ सगळे जमिनीकडे बघत उभे राहिले, आणि मग कोणीतरी कार्ब्युरेटरचा विषय काढला तशी सगळ्यांची सुटका झाली. त्याच्यापुढची जागा एका दातांच्या डॉक्टरणीला मिळाली होती. तिनं याच वर्षी कासव घेतलेलं. त्यानं तिला पट्टीचा अर्थ समजावून सांगितला तेव्हा ती फोनवर नकाशा चाळत होती. हो काका, म्हणाली. पालथ्या घड्यावर पाणी, असं त्यानं मनात म्हटलं आणि आपल्या गाडीत जाऊन बसला.

कोरडा ओढा ओलांडून रस्ता बंद पडलेल्या खाणीपाशी आला. तिथे दोन वाटा फुटतात आणि डावीकडची वळून चढणीला लागते. डॉक्टरणीची गाडी वळणाआड गेली. त्यानं सवयीनं विचारलं, "कोण आहे मागे?"

शेजारच्या जागेवर घडी केलेला टॉवेल होता. डाव्या आरशात झुडपं होती. त्याचा हात गिअरवर गेला आणि तिथेच राहिला. त्यानं इंजिन बंद केलं.

आधी त्यामागे काही हेतू नव्हता, नुसतं पुढे जाववेना. पण बसल्या बसल्या मनात एक गोष्ट आली, आणि आली ती ठाण मांडूनच बसली. बघू या, आपण नाही हे कोणाच्या लक्षात येतंय का. कोणी परत फिरून शोधायला आलं, तर गाडी राहील आणि आपणही राहू. कोणी आलं नाही, तर हॉटेलवाल्याला उद्या फोन. हा पोरकटपणा आहे हे त्याला कळत होतं. कळूनही तो खाली उतरला नाही.

धूळ बसली. इंजिन टिकटिक करत गार झालं. पुढच्या गाड्यांचा आवाज थोडा वेळ येत होता, मग तोही थांबला. म्हणजे गेले. निदान जेवायला बसल्यावर तरी कळेल, त्यानं स्वतःला समजावलं, एक ताट उरेल. मग आठवलं, हल्ली जो तो आपापला डबा आणतो. ताट उरायचा प्रश्नच नव्हता.

हॉर्नवर त्यानं हात ठेवला, पण दाबला नाही. बोलावल्यावर आलेला माणूस त्याला नको होता. बोनेटवरच्या पितळी कासवाची सावली एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली. रुसून बसलेल्याला कोणी बघतच नसेल तर ते रुसणं किती फुकट जातं, हे त्याला या वयात कळत होतं. आणि खरंच वाईट वाटत होतं. इतक्या लोकांची चाकं आपण चिखलातून ओढून काढली, त्यातल्या एकालाही आपली आठवण होऊ नये, असं मनात येऊन त्याचे डोळे भरले.

शेवटी त्यानं टॉवेल उचलला आणि समोरच्या खणात कोंबला. ठरलं. हॉटेलवाल्याला फोन. गाडी सुरू करून त्यानं वळण घेतलं, आणि कचकन ब्रेक दाबला.

समोर कासव उभं होतं. डॉक्टरीण खाली उतरून आपल्या आरशापाशी वाकून उभी होती आणि डोळे ताणून आरशातच बघत होती. मान वळवून मागे बघायचं तिला सुचलंच नव्हतं. तिच्या पलीकडे, पुढच्या वळणावर, आणखी एक हिरवी गाडी थांबली होती. त्याच्या वरच्या वळणावर आणखी एक. डोंगराच्या अंगानं पार वरपर्यंत वळणावळणावर एकेक कासव उभं होतं, आणि खिंडीच्या तोंडाशी म्होरक्या.

"काय झालं, काका?" तिनं विचारलं.

इंजिन तापलं होतं, त्यानं सांगून टाकलं. कासवाचं बाकी सगळं बिघडतं, पण इंजिन तापत नाही. पंपवाल्यांची गाडी ती, पाणी खेळवण्यात तिचा हात कोण धरणार. हे नव्या माणसालाही पहिल्या आठवड्यात कळतं, आणि तिलाही कळलेलं दिसत होतं. मग थाप पकडली गेल्याच्या घुश्शात त्यानंच तिला उलटं विचारलं, की इतका वेळ झाला तर ती बघायला परत का आली नाही.

"वळण सोडायचं नाही ना," ती म्हणाली. "मी मागे आले असते तर पुढच्याला मी दिसले नसते. मग तो मागे आला असता, मग त्याच्या पुढचा. म्हणून थांबले. बघून बघून डोळ्यांतून पाणी यायला लागलं."

तो पट्टीकडे बघत राहिला. आयुष्यभर ती वाचली, नव्या माणसांना समजावली, पण शेपटाला कधी कोणासाठी थांबावं लागत नाही. थांबलेला माणूस काय करतो हे त्याला माहीतच नव्हतं. तो इकडे त्यांची वाट बघत बसला होता आणि ते सगळे तिकडे त्याची, मध्ये एवढंसं वळण.

"पण तुम्ही का थांबलात?" तिनं विचारलं. "इंजिन बंद केलेलं मला ऐकू आलं. काही मोडलं असतं तर हॉर्न दिला असतात."

तो आणखी एक थाप मारणार होता. तोंडातून निघालं ते भलतंच. "मागचं कोणी दिसेना."

शेपटामागे कोणी नसतं, हे तिलाही ठाऊक होतं. तिनं शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली.

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं. आजच कशाला, हिवाळ्यापासून तो एकाच वळणावर गाडी लावून बसला होता. जिची वाट बघत होता ती मागून येणार नव्हती. अख्खा ताफा उलटा फिरून आला असता, तरी कोणी आलं असं त्याला वाटलं नसतं.

"तुम्ही पुढे व्हा," ती म्हणाली. "मी राहते शेवटी."

तिला जमणार नाही, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. दोर कुठे अडकवायचा तेही माहीत नसेल. मग शिकवा, ती म्हणाली. तेव्हा त्यानं आपल्या गाडीतला दोर काढला, तिच्या गाडीत नेऊन ठेवला, गाठ कशी मारायची ते दोनदा दाखवलं आणि आपली गाडी पुढे घेतली. हॉटेलवाल्याला फुलझाडांसाठी दुसरं काहीतरी बघावं लागणार होतं.

पुढचं वळण पुन्हा डावीकडचं. आता त्याच्या मागे कोणीतरी होतं, आणि ते दिसेपर्यंत त्याला जाता येत नव्हतं. उजव्या आरशात दरड होती. डाव्या आरशात झुडपं. तो थोडा वेळ त्या झुडपांकडे बघत बसला. मग पाना घेऊन खाली उतरला.

नट गंजला होता. ते काम दोघांचं. एकानं आत बसून जरा इकडे, जरा तिकडे सांगायचं, दुसऱ्यानं आरसा फिरवायचा. त्यानं नट सैल केला, आरसा थोडा वळवला, गाडीला वळसा घालून जागेवर येऊन बसला. आभाळ दिसलं. पुन्हा उतरला, पुन्हा फिरवला, पुन्हा येऊन बसला. या वेळी स्वतःचंच दार दिसलं. वरून म्होरक्यानं हॉर्न वाजवला. त्यानं खणातला टॉवेल काढला, आरशावरची धूळ पुसली, आरसा आणखी एकदा हलवला आणि नट आवळून टाकला. टॉवेलची नीट घडी घालून ती शेजारच्या जागेवर ठेवली.

"कोण आहे मागे?" त्यानं विचारलं.

त्यानं स्वतःच आरशात बघितलं, हिरवी गाडी वळणावर येईपर्यंत थांबला, आणि वळण सोडलं.