सावडीतलं शेवटचं घर

सात सकाळी द्यायच्या आणि एक सकाळ घ्यायची, असा प्रयागबाईचा सौदा होता. वरून पाहिलं तर सरळसरळ घाट्याचा. पण त्या एका सकाळीत तिच्या आंगणात सात बाया येणार होत्या, आणि मागच्या दिवाळीपासून तिच्या घरी दोनपेक्षा जास्त माणसं एका वेळी दिसली नव्हती. त्या दोघांतली एक ती स्वतः, दुसरा मीटर पाहायला येणारा पोरगा. या मापानं मोजलं, तर सौदा वाईट नव्हता.

आमच्या गावात, म्हणजे केनवडच्या बाजाराला जाणाऱ्या या सगळ्या पट्ट्यात, उन्हाळ्यात कुरड्या सावडीनं होतात. आज हिच्या घरी सगळ्यांनी जायचं, उद्या तिच्या. कारण चीक एकट्या बाईला ऐकत नाही. गहू तीन दिवस भिजवा, वाटा, पिळा, गाळा, रात्रभर गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, बसू द्या, इथपर्यंत तो गरीब असतो. पण सकाळी उकळत्या पाण्यात तो एकीनं ओतायचा आणि त्याच घडीला दुसरीनं लाकडी चाटूनं घोटायचा. हात थांबला की गाठी. दोन हात ओतायला, दोन घोटायला. आता चार हात असलेली बाई देवळात बसते, चुलीपुढे कशाला येईल?

तर आमच्या गल्लीत आठ घरांची सावड. प्रयागबाई आणि इतर सात. त्या सातांत आमची बेबीताईही होती, म्हणजे माझी बायको. मी मोठा शहाणा, धुतल्या तांदळाचा, असं समजून पुढचं ऐकू नका.

प्रयागबाई प्रत्येक घरी सगळ्यांच्या आधी हजर. पाच वाजता, पदराखाली पितळी साचा धरून. आमच्याकडं आठ किलो गव्हाचा चीक होता. तो तिनं जवळजवळ एकटीनं घोटला. बासष्ट वर्षांची बाई, दंडात पोरीसारखा जोर. आणि तोंडात त्याहून जास्त. वर्षभराचं साठलेलं बोलणं ती सात घरी वाटून मोकळी करत होती.

"मावशी," बेबीताईनं तिला छेडलं, "तुमच्या घरी खानारं कोन हाये व? तुमाले तं चार कुरोड्या वर्सभर पुरतीन."

"खानारे पुन्याले हायेत ना. भागवतले लय आवडतात."

"मागच्या वर्साचा डबा नेला का मंग पोरानं?"

"नेईन. दिवाईले आला तवा गाडीत जागा नव्हती."

जागा नव्हती हे खरं. जुना पंखा, सोयाबीनचा पहिला कट्टा आणि प्रयागबाईच्या सासूचा पाटा एवढं सगळं मावलं होतं, डबा तेवढा मावला नव्हता. तो आजही तिच्या फळीवर आहे. बायांनी एकमेकींकडं पाहिलं.

"तुमचा दिवस कवा धरू, मावशी?" बेबीताईनं विचारलं.

"माह्या शेवटी ठेवा. मंग कोनाले आपल्या घरची घाई नाही राहत. चीक खाऊ, साकर-दूध टाकून. बसू, गोष्टी करू. माह्या सासूच्या राज्यात शेवटच्या घरी दुपार होये बायाईले उठता उठता."

इथं प्रयागबाईचा हिशेब चुकला. सावडीला माणूस दोन कारणांनी येतो. एक तर त्याचं काम व्हायचं असतं म्हणून, नाहीतर झालेल्या कामाची लाज असते म्हणून. शेवटच्या घरी पहिलं कारण संपलेलं असतं, सगळी भिस्त लाजेवर. आणि आमच्याकडच्या उन्हात लाज कुरडीपेक्षा लवकर वाळते.

तिनं पाच किलो गहू भिजवला. एका माणसाला पाच किलो! पण ती कुरड्यांचा अंदाज धरतच नव्हती, बायांचा धरत होती. अर्धा-एक किलोत सात बाया किती वेळ बसतील? तिसऱ्या दिवशी भागवतचा फोन आला. फोन ती मोठ्या आवाजावर ठेवून बोलते, म्हणून भिंतीअलीकडं सगळं ऐकू येतं, सून योगिनी आणि नात निकिता यांच्या खबरींसकट.

"आई, कायले करून राह्यली या उन्हाचं? विकत भेटते सगळं. योगिनी तं तळनंच करत नाही आता."

"निकिताले दे ना एखादी. हाय का ते?"

"क्लासले गेली."

"बरं. सात जनी येऊन राह्यल्या उद्या माह्या घरी," प्रयागबाई म्हणाली. हे सांगायचंच होतं तिला. तिकडून 'बरं' आलं आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी ती सातही घरी सांगून आली. साती जणी म्हणाल्या, "येतो ना व मावशी, हे काय सांगनं झालं?" खोटं कुणीच बोललं नव्हतं. त्या वेळी प्रत्येकीच्या मनात जायचंच होतं.

सकाळी साडेपाचला बेबीताई उठली, चहा केला आणि दार बोटभर उघडून गल्लीत पाहत उभी राहिली.

"जात नाही का व?" मी विचारलं.

"जाईन ना. कोनी निघालं का पाहून राह्यली."

"निघालं का?"

"नाई. आपन एकटीनंच कायले जाव? एकटी गेली का घोटाले मलेच लावतीन. पाच किलो हाये."

"तिनं आपला आठ किलो घोटला."

"मंग तुमी जा ना! लय पुळका येऊन राह्यला तं."

मी गेलो नाही. पुरुषाचा हात लागला तर चीक फाटतो, असं आमच्या गावात म्हणतात. हे पुरुषांनीच काढलेलं असावं, पण त्या सकाळी मला ते पटलं. मी गच्चीवर गेलो, पाण्याची टाकी पाहायच्या निमित्तानं. तिथून गल्ली दिसते. सात दारं, साती बोटभर उघडी, साती फटींत एकेक डोळा. प्रत्येक डोळा दुसरीच्या दाराकडं. एक जरी उंबऱ्याबाहेर पडली असती, तर बाकी सहा पळत आल्या असत्या. पण पहिली कोण?

आमची गच्ची आणि प्रयागबाईचं आंगण, मधे एक बुटकी भिंत. आंगणात चूल पेटली होती. तिनं रात्रीच शेण-सडा केला होता, धुतलेलं धोतर तिच्या घरकुलाच्या स्लॅबवर ताणून चार कोपऱ्यांना विटा ठेवल्या होत्या. आंधण उकळलं. तिनं दाराकडं पाहिलं. आंधण आटलं, तिनं पाणी घातलं. पुन्हा उकळलं, पुन्हा आटलं, पुन्हा पाणी. "येतीन. बायाईले सकाऊन कामं राह्यतात," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते माहीत नाही, आंगणात कोंबडीसुद्धा नव्हती. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. चीक काही बायांसाठी थांबणार नव्हता. आज शिजला नाही तर दुपारपर्यंत आंबून ढोरांपुढे टाकावा लागला असता.

तेवढ्यात आंगणाच्या फाटकाशी कुणीतरी खाकरलं. हुकूमचंद शेठची आई, गुलाबबाई. जैनांचं घर, गल्लीच्या तोंडाशी त्यांचं किराणा दुकान, वर राहणं. सत्तरीची बाई, सावडीत कधीच नसलेली. सावडीतच काय, त्यांच्या घरात आता फोडणीशिवाय काही होत नाही.

"प्रयागबाई, धूर निघून राह्यला अन् गलका काहून नाही?"

"येतीन आता."

"कोन?"

"साती जनी."

"हो, दिसल्या मले येताना," गुलाबबाई म्हणाली, "फटीतून."

प्रयागबाईनं चुलीत उगाच एक काडी सारली.

"सरक. साचा दाबाले बसतो मी. पन आयक, चुलीजवळ नाही येनार. तीन दिवस भिजलेलं, आंबलेलं आमच्यात चालत नाही. खानं तं सोड, शिजवनंबी पापाचं. साचा दाबलेला चालते का नाही, ते कोनाले विचारून नाही आली."

"मंग आल्या कायले?"

"घरात बसून भिंती किती पाहू व? सुनेनं, चेतनानं, पापड आनले मशीनचे, खाकरे पाकिटातले. मले म्हनते, आई तुमी आराम करा. आराम करू करू हात आखडले माह्ये."

प्रयागबाईनं तिच्यासाठी सावलीत पाट टाकला, चुलीपासून चांगला दहा पावलांवर, आणि गंज उचलला. डाव्या हातानं ओतायला, उजव्या हातानं घोटायला लागली. पहिलं भांडंभर जमलं. मग गंजाचा तोल गेला, चीक भसकन पडला आणि चाटू अडकला.

"घोट व, घोट!" गुलाबबाई पाटावरून ओरडली. "तिकून गाठ धरून राह्यला!"

"हात दोनच हायेत ना माह्ये!"

"गंज खाली ठेव!"

"ठेवला तं हा करपते!"

तिचा आवाज चिरकला. तीन दिवसांचा गहू, सात सकाळींची मेहनत, सगळं त्या गंजासोबत कलंडत होतं. मी गच्चीवर टाकीचं झाकण हातात धरून उभा. गुलाबबाई पाटावरून उठली. दहा पावलं होती. पाच पावलांवर क्षणभर थांबली, पदर खोचला, आणि पुढची पाच चालून जाऊन दोन्ही हातांनी गंज धरला. बारीक, एकसारखी धार लावली, जशी ती चाळीस वर्षांपूर्वी तेल मोजताना लावत असेल. ओठ हलत होते. जप होता की क्षमा मागणं होतं, ते मला वरून कळलं नाही. प्रयागबाईनं दोन्ही हातांनी चाटू धरला आणि अशी घोटली की चीक काचेसारखा झाला.

त्यानंतर अकरा वाजेपर्यंत, स्लॅबवर कुरड्या घालता घालता, त्या दोघी सात बायांएवढं बोलल्या. सुनांपासून सुरुवात झाली, मेलेल्या नवऱ्यांपर्यंत गेली.

"माह्यावाला तं जेवताना बोलेच नाही," प्रयागबाई म्हणे. "मीठ कमी असलं तं ताट फक्त इकून तिकून सरकवे."

"माह्यावाला सरकवेबी नाही. दुसऱ्या दिवशी दुकानातलं मीठच संपलं म्हने, मले कळाव म्हनून!"

हसून हसून गुलाबबाईच्या हातातला साचा वाकडा झाला, कुरडीला शेपूट निघालं. सातही दारांच्या फटी थोड्या रुंद झाल्या. पण आता जायची तर जास्तच लाज.

काम सरल्यावर प्रयागबाईनं सवयीनं दोन वाट्यांत चीक वाढला, वर साखर, दूध. मग तिच्या ध्यानात आलं.

"पानी तरी घ्या."

"घरून पिऊन आली," गुलाबबाई म्हणाली. "तू खा. मी पाहतो."

प्रयागबाईनं दोन्ही वाट्या खाल्ल्या. गुलाबबाई उठताना म्हणाली, "उद्या पलटवाले येतो मी. एकटी नको चढू स्लॅबवर." त्या संध्याकाळी प्रयागबाईनं भांडी घासली ती असा खणखणाट करत, की जणू घरात पाहुणे उतरलेत.

दुसऱ्या दिवशी ऊन चव्वेचाळिसाचं. प्रयागबाई नऊपासून दोन चटया घेऊन स्लॅबखाली उभी. दहा वाजले, साडेदहा. कुणी आलं नाही. शेवटी चटया खालीच टाकून ती एकटी वर चढली.

मी त्याच वेळी हुकूमचंदच्या दुकानात गेलो होतो, बेसन आणायला. गल्ल्यावर चेतना होती.

"मोठ्या बाई दिसून नाही राह्यल्या?" मी विचारलं.

"उपासावर हायेत आज. उकळलेलं पानी फक्त, तेबी दिवस मावळेपर्यंत."

"कोनती तिथी हाये?"

"तिथी कोनती नाही, भाऊ. सकाऊन म्हनल्या, माह्याकून काल एक गोष्ट झाली, तिचं आज फेडतो. काय झालं ते सांगत नाहीत. या वयात, या उन्हात! पंख्याखाली पडल्या हायेत, उठवत नाही त्याईले."

मी बेसन घेऊन परत आलो. भिंतीपलीकडं, स्लॅबवर, प्रयागबाई ओणवी होऊन एकेक कुरडी पलटवत होती. पायाखाली चटके बसत होते, ती एका पायावरून दुसऱ्यावर होत होती. मला पाहून सरळ झाली.

"पाह्यलं का, जगदेव? एकाच दिवसाचं कौतुक. शेठानीच ते शेवटी."

मी तोंड उघडलं. पण गुलाबबाईच्या उपासाचं सांगायचं, तर आधी तिला त्या चुलीजवळ का जावं लागलं ते सांगावं लागलं असतं, आणि मग आमचं बोटभर उघडं दारही निघालं असतं. मागं बेबीताई उभी होती. "ऊन लय हाये, मावशी," एवढंच मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी रीतीप्रमाणं प्रयागबाईनं सावडीतल्या सातही घरी पाच-पाच कुरड्या पाठवल्या. बेबीताईनं लगेच तळल्या. पांढऱ्याशुभ्र, कढईभर फुलल्या. आम्ही खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या, खोटं कशाला बोलू.

आता उरलेलं मांडतो. सात घरांकडं एकेक सकाळ निघत होती. सहा जणींनी काही दिलं नाही, सातव्या आमच्या घरानंही नाही. फेडलं ते जिच्याकडं कुणाचं काहीच निघत नव्हतं तिनं, वैशाखातला एक अख्खा दिवस उपाशी राहून. आणि येतो म्हणून कोण कोण आलं नाही, हे प्रयागबाई आता बोटांवर मोजायला बसते, तेव्हा सातवर थांबत नाही. आठवं बोट ती गुलाबबाईच्या नावानं मोडते.