शुभाची पार्सलं

सुयोगचा पुण्याहून फोन. "आई, मेंबरशिप संपतेय. पुढच्या वर्षाचे भरू की बंद करू? परवापर्यंत सांग."

म्हणजे ऑनलाइन शॉपिंगची ती मेंबरशिप यानेच माझ्या गळ्यात मारली आणि आता ठरवायचं मी! वर्षाचे दीड हजार. म्हटलं, "फायदा काय रे तिचा?" तर लागला पाढे म्हणायला. डिलिव्हरी फुकट, सेल आपल्याला आधी उघडतो, सिनेमे बघता येतात, कार्डावर काहीतरी परत येतं. काय परत येतं आणि कुठे येतं, देव जाणे. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. म्हटलं, "ठेव फोन, भाकरी करपतेय माझी."

जेवताना ह्यांना विचारलं. आमचे हे कधी सरळ उत्तर देतील तर शपथ.

"तू वर्षभरात मागवलंस काय?"

"मिक्सरचं भांडं. तुमचा कमरेचा पट्टा."

"बस? मग दर आठवड्याला दारात पार्सलं येतात ती कुणाची?"

"शुभाची," मी म्हटलं, आणि घास तसाच राहिला.

शुभा माझी धाकटी जाऊ. कांदिवलीच्या आमच्या चाळीत दोघींच्या खोल्या शेजारी-शेजारी, मधलं दार कायम उघडं. गणपती त्या दाराशीच बसायचा, म्हणजे तो दोघींचाही. चाळ पाडून टॉवर झाला, आम्हाला नववा मजला मिळाला, त्यांना पाचवा. आता गणपती कुणाकडे? मी म्हटलं, थोरल्याकडे. ती म्हणाली, कायम तुमचंच का चालवायचं? मग मी जे बोलले ते मी बोलले आणि ती जे बोलली ते तिने बोलायला नको होतं. गणपती आमच्याकडे बसला. शुभा दर्शनाला आली, परक्या बाईसारखा नारळ ठेवला आणि प्रसाद उभ्याउभ्या घेऊन गेली. दोन वर्षं झाली, बोलणं बंद.

पण भांडणाच्या आधीच सुयोगने ही मेंबरशिप दोघींच्या फोनात घालून दिली होती. पत्ता माझा. नंतर तिच्या फोनातून ती काढायची कुणाला आठवण झाली नाही. शुभा तिच्या फोनवरून मागवते, पैसे तीच भरते, पण पार्सल येतं माझ्या दारात. मग ती येते वर. बेल वाजवते, उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहते.

"आलं का?"

"आलंय."

एवढंच. हल्ली हल्ली ती विचारते, "गुडघा कसाय?" "आहे तसाच." एवढं जास्तीचं.

आणि मागवते काय? एकदा गॅसचा लायटर. मग चहाची गाळणी. मग सेफ्टी पिना, त्यासुद्धा एकच पाकीट! अगो, खाली दुकानात मिळतात ना पिना. आणि सगळं एकदम मागवायला काय होतं? मला वाटायचं, मुद्दाम करते. फुकट डिलिव्हरी आहे ना माझ्या जिवावर, तर उडवा.

"दीड हजार आपण भरायचे आणि मजा तिने मारायची," मी ह्यांना म्हटलं. "बंदच करते."

"कर."

सुयोगला फोन लावला आणि तोंडातून निघालं काय, तर "अजून ठरलं नाही रे." हे माझ्याकडे बघतच राहिले. मीही गोंधळले. फायदा नाही, सिनेमे मी बघत नाही, जिच्यासाठी भरायचे तिचं तोंड बघायचं नाही. मग 'बंद' हा एवढासा शब्द घशात का अडकावा? आणि खरं सांगू? पार्सल आलं की मी गाऊनवर ओढणी घ्यायची, केस नीट करायची. कशासाठी, ते मलाच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जीव नुसता कावला माझा. म्हटलं, एकदाच काय तो निकाल लावू. अर्धे तू भर, नाहीतर बंद करते, असं तोंडावर सांगायचं. उतरले पाचव्या मजल्यावर, दोन वर्षांत पहिल्यांदा. बेल वाजवली. शुभाने दार उघडलं आणि तिच्या हातातला टॉवेलच खाली पडला.

"वैनी?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागे लिफ्ट उघडली. डिलिव्हरीवाला. हातात हा एवढा खोका, त्यावर त्याच कंपनीची पट्टी. "शुभा घाडी? ओटीपी सांगा."

मी खोक्याकडे बघितलं. नाव तिचं. पत्ता पाचव्या मजल्याचा.

तो गेल्यावर मी विचारलं, "हे इथे कसं आलं?"

शुभाने खोका पायाने आत सरकवला.

"शुभा, मी विचारतेय तुला."

"श्रुतिकाने घेऊन दिलीय मेंबरशिप. माझ्या नावाची. गेल्या दिवाळीतच."

श्रुतिका तिची लेक. मला काही सुधरेना. "शिरा पडो! स्वतःची असताना माझ्यावरनं का मागवतेस मग? लायटर, गाळणी, पिना? वेड लागलंय का तुला?"

ती टॉवेल उचलायला वाकली ती वाकलेलीच राहिली. "वर यायला तोंड नव्हतं वैनी. पार्सल आणायला म्हणून येता यायचं."

दोन वर्षं मी मनातल्या मनात हिला शिव्या घातल्या, आणि ही बया माझा गुडघा विचारायला विकतच्या गाळण्या मागवत होती. रडू आलं. राग तर इतका आला, की तिला धरून गदागदा हलवावं. तिच्यावर की माझ्यावर, कुणास ठाऊक.

"आत ये ना," ती म्हणाली.

मी आत गेले, सोफ्यावर बसले आणि तिथूनच सुयोगला फोन लावला. "बंद कर रे माझी."

"ठरलं एकदाचं? परवडत नव्हती ना?"

"तुला काय कळतंय त्यातलं? काकूने स्वतःची घेतलीय. तीच माझ्या फोनात घालून दे. मी तिच्यावरनं मागवीन."

"चालेल. पत्ता आपला टाकतो, नववा मजला."

"नको. पाचवाच राहू दे."

"अगं आई, मग प्रत्येक पार्सलला तुला खाली उतरावं लागेल! गुडघा दुखतो ना तुझा?"

शुभा समोर उभी राहून ऐकत होती.

"दुखू दे," मी म्हटलं.