घासाघीस करून आणलेला हिरा

मी हिरा बोलतोय. हसलात ना? हसा. खिशातून बाहेर काढून उन्हात धरलंत, तर मी काचेचा खडा आहे हे शेंबडं पोरही सांगेल. पण दिल्लीच्या मुनिरक्यातल्या एका खोलीत मी हिरा होतो, आणि साधासुधा नव्हे, मेलेल्या माणसाला उठवणारा हिरा.

माझा जन्म फिरोजाबादच्या भट्टीतला. त्याआधी मी कोणाची तरी फुटकी बाटली होतो म्हणे. मग पोत्यात बसून दिल्लीला, पहाडगंजच्या बाजारात आलो. तिथे आम्हाला वजनावर विकायचे, कुंडीत घालायला नाहीतर माशांच्या टाकीत. माझ्या नशिबी मासेच होते, पण एक दिवस दुकानात सुनेत्रा आली.

सुनेत्रा मुंबईची, दिल्लीत शिकायला राहिलेली. सांगितलेल्या किमतीला तिने आयुष्यात काही घेतलेलं नाही. "भैया, ठीक से लगाओ ना," म्हणाली, नाक मुरडलं आणि चालायला लागली. "अरे मॅडम, सुनिए तो!" अशी हाक येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. हाक आली. ओंजळभर खडे तिच्या पिशवीत पडले, त्यात मी.

मुनिरक्यात उन्नतीची खोली होती. उन्नती नागपूरची, सरकारी कचेरीत नोकरीला. खिडकीतून हात बाहेर काढला तर समोरच्या घराची भिंत लागायची. रविवारी दुपारी तिथे चौघं जमायची आणि आम्हाला स्टीलच्या वाटीत ओतून मधोमध ठेवायची. मला वाटलं, आता पत्ते निघतील. पत्ते नाहीतच! कागद, पेन्सिली, नाना कोनांचे फासे आणि बोलणं. नुसतं बोलणं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, आणि पुढे काय घडतं ते फाशांनी ठरवायचं.

चैतन्य बोलायला लागायचा. तो पुण्याचा, गुडगावच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसणारा, पण खेळाचं सगळं जग त्याच्या जिभेवर. "समोर बर्फाचा डोंगर आहे," तो म्हणायचा, आणि देवाशपथ सांगतो, ती भिंत हळूहळू विरून जायची. तिच्या जागी निळसर कडे दिसायचे, गार वारा यायचा. खाली गल्लीत भाजीवाला ओरडत असायचा, तो आवाजही दूरच्या दरीतून आल्यासारखा वाटायचा. मग उन्नती मंत्र जाणणारी वैदू व्हायची, सुनेत्रा चलाख चोरटी. आणि परभणीचा धम्मदीप, एरवी तोंडातून शब्द न काढणारा, सारंग नावाचा तिरंदाज व्हायचा. सारंग मात्र भरपूर बोलायचा, गाणीसुद्धा म्हणायचा.

आम्ही खडे म्हणजे त्यांना गुहेत सापडलेला खजिना. पण खजिना नुसता मिरवायचा नसतो. एकेका मंत्राला एकेक रत्न लागतं, आणि मंत्र झाला की ते जळून जातं. यांनी आपला एक रिवाजही पाडला होता. ज्याच्यासाठी खडा खर्च झाला, त्याने तो घरी न्यायचा, वाटीत परत टाकायचा नाही. माझी हिरवी, तांबडी भावंडं अशी एकेक करून गेली. मला त्यांचा हेवा वाटायचा. वाटीत पडून राहणं कोणाला आवडतं?

मी हिरा झालो तो त्यांच्या त्या स्वप्नातल्या बाजारात. सराफही चैतन्यच. त्याने पाचशे मोहरा सांगितल्या. सुनेत्राने नाक मुरडलं, चालायला लागली, आणि मला तीनशेला आणलं! काय टाळ्या पडल्या! मीही फुगलो. तेव्हा मला काय माहीत, हेच पुढे गळ्याशी येणार आहे.

धम्मदीप दिल्लीत परीक्षेसाठी आला होता. मोठी परीक्षा, सगळ्या गावाला ठाऊक असलेली. शेवटची संधीही हुकली. त्याने ते कोणाला सांगितलं नाही. एका रविवारी फासे टाकता टाकता नुसतं म्हणाला, "बुधवारची गाडी आहे माझी. परत जातोय." मग उन्नतीने सगळ्यांना चहा दिला आणि खेळ पुढे सुरू झाला, कारण दुसरं करणार तरी काय?

त्याच दुपारी खेळात बर्फाचा पूल तुटला. दोघी पलीकडे पोचेपर्यंत सारंगने दोर धरून ठेवला आणि मग तो दरीत कोसळला. फासेच तसे पडले.

धम्मदीप हसला. ते हसू मला मुळीच आवडलं नाही. म्हणाला, "बरंच झालं यार. मीही चाललो, सारंगही गेला. हिरा वाया घालवू नका, पुढे तुम्हाला लागेल."

"गप बस!" उन्नती म्हणाली. तिने मला वाटीतून उचललं. "मी मंत्र म्हणतेय."

चैतन्य नियमांच्या बाबतीत पक्का. त्याने हळूच विचारलं, "मंत्राला पाचशे मोहरांचा हिरा लागतो. हा केवढ्याला घेतला होता?"

सुनेत्राचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे, पाचशेचाच आहे तो! मी फक्त भाव पाडला."

"सराफाने तीनशेला दिला म्हणजे तीनशेचा. कमी पडला तर मंत्र फुकट. सारंग कायमचा गेला."

"मी परत जाते, उरलेले देऊन येते!"

"बाजार डोंगरापलीकडे राहिला, सुनेत्रा."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर ज्या गोष्टीची फुशारकी मारली, तिनेच मित्राचा घात केला होता. आणि मी? मी तिच्याहून जास्त घाबरलो होतो. मी काच आहे हे मला जन्मापासून माहीत आहे हो. पण त्या क्षणी मला मनापासून वाटलं, देवा, एकदा तरी मला पुरा पडू दे.

चैतन्य सुनेत्राकडे वळला. मग एकदम त्याने सराफाचा आवाज काढला, अगदी पहाडगंजचा. "मॅडम, वो हीरा मुझे वापस दे दो. छह सौ दूँगा."

"नाही," सुनेत्रा म्हणाली.

"हज़ार."

"नाही म्हटलं ना!"

"अच्छा, जहाज़ ले लो. तीन मस्तूल वाला." ते तीन डोलकाठ्यांचं जहाज मिळावं म्हणून ती कितीतरी रविवार झुरत होती.

सुनेत्राने डोळे पुसले. "भैया, बिकाऊ नहीं है. तू आख्खं शहर दिलंस तरी नाही."

चैतन्यने नियमांचं पुस्तक मिटलं. आपल्या आवाजात म्हणाला, "मग पाचशेच्या वरचाच आहे. उन्नती, म्हण मंत्र."

उन्नतीने मूठ मिटली. पुढचं मला नीट सांगता येत नाही. फिरोजाबादची भट्टी पुन्हा पेटल्यासारखी वाटली, पण चटका नव्हता. मी वितळून प्रकाश झालो, दरीत उतरलो. बर्फावर एक माणूस पडला होता, त्याच्या छातीत शिरलो. तिथे फार थंडी होती. मग हळूहळू ऊब आली.

"सारंग डोळे उघडतो," चैतन्य म्हणाला. "आता तो काय करतो?"

धम्मदीप म्हणाला, "पाणी मागतो." उन्नतीने खरंच पेला भरून दिला. तो गटागटा प्यायला आणि मग ढसाढसा रडला. परीक्षेचं, घरचं, सगळं सांगितलं. कोणी समजूत काढली नाही, नुसते जवळ बसून राहिले.

"तू गेल्यावर सारंगचं काय?" सुनेत्राने विचारलं.

"तो खिंडीवर राखण करील. तुम्ही जाल-याल तेव्हा हाक मारत जा."

आज बुधवार. मी धम्मदीपच्या शर्टाच्या खिशात आहे. स्टेशनच्या पलीकडेच पहाडगंज, पण ते मला परकं झालंय. गाडी हलली आहे. मधूनच तो मला चाचपतो, मी आहे ना याची खात्री करून घेतो.

धम्मदीप, एवढं माझं ऐक. परभणीत कोणी ना कोणी विचारीलच, एवढी वर्षं दिल्लीत राहून काय आणलंस? तेव्हा मान खाली घालू नकोस. मला बाहेर काढ. काच आहे म्हणून हसतील, हसू देत. त्यांना फक्त एवढं सांग, माझ्यासाठी सुनेत्राने अख्ख्या जहाजाला नाही म्हटलं.