ऐन फेब्रुवारीतली पेरणी

लिदियाचे हात आता खरंच चालेनात. नवऱ्याला कुशीवर वळवायचं, चादर बदलायची, रव्याची लापशी चमच्याचमच्यानं भरवायची, की पुन्हा तेच. पक्षाघातानं अर्कादीची उजवी बाजू गेली, तेव्हापासून त्या दोन खोल्यांत दुसरं काही घडतच नव्हतं. बाहेर उरल पर्वताकडची थंडी, उणे अठ्ठावीस.

खरं तर हा त्यांच्या भांडणाचा महिना. अर्कादीला हिवाळा सोसवत नसे. फेब्रुवारी लागला रे लागला की स्वारी टोमॅटोचं बी पेरून मोकळी. लिदिया ओरडायची, "अरे, ऊन कुठंय? आठ मार्च तरी होऊ दे!" तो कसला ऐकतोय! त्याची रोपं उजेडासाठी ताणून ताणून दोऱ्यासारखी व्हायची आणि माना टाकायची. बर्फ सरल्यावर बागेत लागायची ती लिदियानं मार्चात पेरलेलीच. तरी पठ्ठ्या म्हणायचा, "बियाणंच खराब होतं."

म्हणून त्या दुपारी त्याचं तोंड पुसता पुसता तिनं मुद्दाम डिवचलं, "काय रे, यंदा कधी पेरायचं?"

तो भिंतीकडे बघत राहिला. जड जिभेनं म्हणाला, "तू म्हणशील तेव्हा."

उभ्या संसारात हा माणूस असं बोलला नव्हता. यानं हाय खाल्ली, आता हा काही उठत नाही, असं वाटून ती पार घाबरली.

अंगात त्राण नव्हतं, तरी उठली. बागेतून आणून ठेवलेलं मातीचं पोतं सज्जात गोठून दगड झालं होतं; ते ओढत आत आणलं. दुसऱ्या दिवशी माती सुटल्यावर दुधाचे रिकामे खोके कापले, भरले, बी टोचलं आणि सगळे त्याच्या डोळ्यांसमोर खिडकीत मांडले.

"हे काय?"

"पेरणी."

"आत्ता?"

"आत्ता. माझी मर्जी."

कोंब आले आणि लगेच काचेकडे लवायला लागले. अर्कादी दिवसभर नुसता त्यांच्याकडे बघत पडायचा. एका सकाळी मात्र त्यानं डाव्या हातानं लापशीचा चमचा उडवून लावला.

"माठ बाई! फेब्रुवारीत कुणी पेरतं? मरतील ना ती! दिवा लाव त्यांच्यावर, दिवा!"

"ओरडू नकोस, लावते," लिदिया म्हणाली.

लापशी सगळी अंथरुणावर सांडली होती. तिनं आधी टेबलावरचा दिवा खिडकीत नेऊन लावला, मग धुतलेली चादर आणली, आणि ती घालता घालता हमसून हमसून रडली.