डोंगरावरची आडवाट

पोस्टातल्या हेडक्लार्कना वर्षातून चार दिवसांची सुट्टी मिळाली, आणि त्यातले दोन दिवस बेटावरच्या पावसानं खाल्ले.

"भिंतीच बघायच्या होत्या तर घरच्या काय वाईट होत्या?" ते खोलीत येरझारा घालत होते. बायको मुलीचे बूट पंख्याखाली वाळवत होती.

तिसऱ्या दिवशी उघडीप झाली. दरीतल्या धबधब्याकडे न्यायला वाटाडी बाई आली. वाट वळसे घेत उतरत होती. दोन्हीकडे गच्च हिरवी झाडी. पण हेडक्लार्कसाहेबांचं लक्ष घड्याळात! एका वळणावर त्यांना सरळ खाली जाणारी आडवाट दिसली.

"इथून दहा मिनिटांत पोचू."

"नको साहेब. ती वाट नाही."

"एवढे ठसे दिसताहेत की! मी एकटा गेल्यानं काय डोंगर कोसळणार आहे?"

मुलीचा हात धरून ते उतरले. आणि पायाखालची मातीच निघाली! एका मुळाला धरून दोघं कसेबसे थांबले, पण चिखलाचा लोंढा खालच्या झऱ्यात जाऊन पडला. तिथे एक म्हातारी पाणी भरत होती.

"मेलं पुन्हा गढूळ झालं!" ती ओरडली.

वाटाडी बाई धावत खाली आली. "ही माझी सासू. चाळीस घरं हे पाणी पितात. आता तीन दिवस टेकडीपलीकडून आणायचं."

"मग पाटी लावायला काय झालं होतं?" साहेब चिडून म्हणाले.

"लावली होती. कुणीतरी उपटून शेकोटी केली. साहेब, इथून जाणारा प्रत्येक जण एकटाच असतो. एकेकानं गवत तुडवलं, मुळं उघडी पडली, आज माती निघाली."

मुलगी रडू लागली. गुडघा फुटला होता, पण ती विचारत होती, "बाबा, आजी एवढं चढणार कशी?"

साहेबांनी म्हातारीच्या हातातली कळशी मागितली. तिनं आधी दिली नाही, मग दिली. टेकडी चढताना त्यांना चारदा बसावं लागलं.

धबधबा राहूनच गेला. चौथ्या दिवशी पावसानं बंद पडलेल्या परतीच्या होड्या सुरू झाल्या, तेव्हा साहेब त्या आडवाटेवर दगड आणि काटेरी फांद्या रचत होते. निघताना त्यांनी झऱ्यात डोकावून पाहिलं. तळ अजून दिसत नव्हता!

मंडळी, आपण चार दिवसांचे पाहुणे. आपल्यामागे तिथे जन्मभर राहणारी माणसं असतात. आपली दहा मिनिटं कुणाच्या पायपिटीतून वाचतात, एवढं विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये.